परत आलेल्या भाकऱ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. देवालाही नाही — त्याला सांगून काय, तो कुठं उलट बोलतो? तुम्हाला सांगते.

लढाईचे दिवस होते. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईच्या इस्पितळात झालं, म्हणून मी आणि माझी धाकटी जाऊ येसू कर्जतहून सकाळच्या गाडीनं त्यांना बघायला गेलो. सासूनं फडक्यात भाकऱ्या बांधून दिल्या. बाहेरचं खायचं नाही, इराण्याच्या हॉटेलाकडं तर बघायचंही नाही — तिथल्या कपाला कुणाकुणाचं तोंड लागलेलं असतं. आमच्या गावात धर्म तो एवढाच. शेजारणीचा बांध कोरला तर चालतो, कप बाटका निघाला की घर बुडालं.

इस्पितळातून बाहेर पडलो तेव्हा पोटात आग पडली होती. येसू म्हणाली, "बाय, हितंच पायरीवर बसू नं भाकरी खाऊ." मुंबईत येऊन पायरीवर? मला लाज वाटली. एका खानावळीत डोकावले — सगळे बाप्ये पाटावर बसून भात ओरपत होते, आम्हाला बघून त्यांचे हात थांबले. कोपऱ्यावर इराणी होता. आरसे, संगमरवरी टेबलं, बायकांसाठी पडद्याची खोली. मी शिरले. येसू मागून आली — मला एकटीला कशी सोडणार?

मी आम्लेट खाल्लं, मस्कापाव खाल्ला, वर चहा प्याले. येसूनं पाण्यालाही हात लावला नाही. गाठोडं मांडीवर धरून पडद्याकडं बघत बसली. मला तिचा रागच आला. मग गाडीची घाई, आणि गाडीत तिला मळमळायचं. मी म्हटलं, टाक त्या भाकऱ्या कुत्र्याला. तर म्हणते, "अन्न कसं टाकू गं बाय?" असली बावळट. गाठोडं तसंच घरी आणलं.

सासूनं फडकं सोडलं. भाकऱ्या जशाच्या तशा.

"मंग खाल्लंत काय गं? कुनाकडं?"

मी आधी बोलले. "येसू शिरली इराण्याकडं, आत्याबाय. मी भायेर उभी रायले. लाजेनं माज्या घशाखाली घास उतरला नाय."

किती पटकन सुचलं, बघा.

येसू खाली बघून फडक्याची गाठ पुन्हा मारायला लागली. थोरल्या जावेला खोटं पाडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिचा नवरा गोदीत, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. तेव्हापासून तिला चूल बंद. ताट पडवीत, पाणी वरून ओतायचं — मीच ओतायचे. शेजारणी म्हणायच्या, थोरली घराण्याला धरून हाय. मूर्ख बाया.

इथवर नुसता भेकडपणा. तो कुणीही करतं. पण पुढं सासू मेली, चूल माझ्या हाती आली. एका शब्दानं येसूला आत घेता आलं असतं. अडवायला कोण होतं? मी तो शब्द बोलले नाही. ती आत आली असती तर रोज समोर बसली असती. आणि — तिनं पडवीतून मागावं, मी उंबऱ्याआडून वाढावं, हे मला आवडायला लागलं होतं.

ती शेवटपर्यंत पडवीतच जेवली. शेवटच्या दुखण्यात मी तिला चहा नेऊन दिला, तर हळूच विचारते, "बाय, त्या दिशी ते आम्लेट लागलं कसं गं?"

मी म्हटलं, "खारट."

तेही खोटं. फार चांगलं होतं.