वाचून फाडून टाकावे

“समदी? समदी म्हंजी समदीच?”

“व्हय वहिनी. येकबी ऱ्हायलं न्हाई.”

“आवो पर दोन वरसांची माणसं हुती ती! आशी कशी जात्याल? पाखरं हाईत का?”

“माणसं हाईत जिथल्या तिथं. त्येंचे पत्ते ग्येले.” शाकिर कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघूनच बोलत होता. मंगलकडं मान वळवायची त्याची छाती होत नव्हती. “तुमीच सांगावा धाडलावता ना, मयताचं पत्र ठिवू नका म्हनून? म्या काढून टाकलं. आन पत्ते त्या पत्रावरच हुते.”

मंगल झेरॉक्सच्या मशीनशेजारी स्टुलावर मटकन बसली. डोळ्यापुढं घरातल्या सोप्यातली तांदळाची थप्पी आली. मामंजींचा तेरावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिनं कणगी उघडून भात गिरणीला घातलं होतं. नुसतं आपलं नाही, शेजारच्या चंद्राबाईचंसुद्धा. त्याआधी भाताचा व्यापारी दारात आला, तर त्याला पाणीसुद्धा न विचारता परत लावलं होतं. “आमचं गिऱ्हाईक ठरल्यालं हाय,” म्हणाली होती. भात कणगीत वर्षभर पडून राहिलं तरी काही होत नाही. कांडलेला तांदूळ मात्र वाट बघत नाही. उन्हाळा संपेस्तोवर गेला नाही तर त्यात किडे चालायला लागतात. आणि ठरलेलं गिऱ्हाईक पुण्यात कुठल्या घरात राहतं, हे आता ना तिला ठाऊक, ना शाकिरला.

मंगलचं सासर विंझर, माहेर हिर्डोशी. हिर्डोशीला एस्टी आली तर आली, नाहीतर देवानं पाय दिलेत. कुणाला काही कळवायचं तर त्या वाटेनं चाललेल्या माणसाच्या तोंडी सांगावा धाडायचा. लांबलचक सांगावा वाटेत सांडतो आणि खोटा सांगावा पुढच्या खेपेला कुणी नेत नाही. थोडकं आणि खरं बोलायचं, ही खोड तिला तिथं लागली. नवरा इंद्रजित शिरवळला कंपनीत पाळीवर. घरची खाचरं सासऱ्यांच्या, आनंदरावांच्या हातात. मंगल दर रविवारी वेल्ह्याच्या रस्त्याला पोत्यावर तांदूळ मांडून बसायची. तोरणा चढून उतरलेली पुण्याची मंडळी गाड्या थांबवायची, मूठभर तांदूळ नाकाला लावायची, घेऊन जायची.

एका रविवारी एक बाई म्हणाली, “पुढचा तांदूळ तयार झाला की मला कसं कळणार हो?” आणि तिनं बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर काहीतरी इंग्रजीत खरडून दिलं. मंगलला वाटलं फोन नंबर असेल. नसरापूरला शाकिरच्या एसटीडीवर तो कागद दाखवला, तर शाकिर हसला. त्यानं नुकतंच झेरॉक्सच्या जोडीला दोन कॉम्प्युटर आणि इंटरनेट घेतलं होतं.

“वहिनी, ह्यो ईमेल हाय. ह्येच्यावर टपाल जातं. पोस्टमन नको, तिकीट नको.”

“आन त्या बाईला मिळतं?”

“तुमी जीपमदी बसायच्या आदी मिळतं.”

“मग लिवा.”

तिथनं सुरुवात झाली. साल दोन हजार पाच. रविवारी गाडीवाल्यांकडून पत्ते घ्यायचे, बाजारच्या दिवशी शाकिरला द्यायचे, त्यानं टाइप केले की चिठ्ठ्या चुलीत. पत्र मंगल बोलायची, शाकिर इंग्रजी अक्षरात मराठी लिहायचा, आणि वाचून दाखवल्याशिवाय मंगल ते सोडू द्यायची नाही. नवं पत्र करताना तो मागचंच पत्र उघडायचा, वरचे पत्ते, एकाला दुसऱ्याचा दिसू नये असे लपवून घातलेले, तसेच ठेवायचा, खालचा मजकूर बदलायचा. पाठवलं की मागचं काढून टाकायचं. हा मंगलचा हुकूम. जुना भाव जिता ठेवला की गिऱ्हाईक तोच दाखवून भांडतं, हे ती पोत्यावर बसून शिकली होती.

पहिल्या हंगामालाच शाकिरनं कपाळावर हात मारून घेतला होता. मंगल सांगत होती, “लिवा. आवंदा पाऊस येळंला आला न्हाई. तांदूळ तुटतुया. पाव्हन्यांच्या पंगतीला ह्यो घिऊ नका. खिचडीला, इडलीला ब्येस हाय.”

“वहिनी, आसा कुटं धंदा असतुया? लोकं लिवत्यात येक नंबर, अस्सल, आजच घ्या. आन तुमी घिऊ नका म्हून सांगताय!”

“घरी नेल्यावं कळनारच हाय की. मग म्याच सांगितल्यालं काय वाईट?”

पत्र गेलं. आठवडाभरात तुटका तांदूळ संपला.

सगळ्या पत्रांत आनंदराव असायचेच. म्हातारा तांदळाचा दाणा पुढच्या दातानं तोडायचा आणि ‘कट’ वाजला तरच भात गिरणीला जाऊ द्यायचा. मग मंगल लिहायला सांगायची, “मामंजी म्हणत्यात, आजून आठ दिस दम धरा.” नाहीतर, “मामंजी म्हणत्यात, नवा तांदूळ हाय, पाणी कमी घाला.” एकदा तांदळात खडे गेले. मंगलनं ज्यांना गेले त्यांनाच नाही, सगळ्यांनाच कळवलं, की खडे आमच्या खळ्यातले आहेत, मामंजी खळं सारवून घ्यायला विसरले, आणि ज्यांचे दात दुखावले त्यांना रविवारी रस्त्यावर दुसरा तांदूळ मिळेल. आनंदराव चिडले होते. “भवाने, आख्ख्या पुन्यात माझी आब्रू घालीवलीस!” पण पुढच्या रविवारी चार गाडीवाले आवर्जून “खळं विसरलेले आजोबा” बघायला घरापर्यंत आले, तेव्हा म्हातारा फेटा बांधून ओट्यावर बसला.

असा हा म्हातारा परवाच्या माघात न्याहारी झाल्यावर उन्हाला बसला आणि बसल्या जागी कलंडला. आजार नाही, औषध नाही.

घरात रडारड चालली होती, भाऊबंद लाकडं बघत होते, आणि मंगलच्या डोक्यात एकच, कुणाकुणाला कळवायचं. ज्याच्याशी आपलं देणंघेणं आहे त्याला मयत कळवावं लागतं. नाही कळवलं तर तो जन्मभर धरून बसतो. सोयऱ्यांकडं मोटरसायकली गेल्या. मग मंगलनं वहीचा कागद फाडला.

“आता ह्ये कुनाला?” चुलत सासू ठकुबाईंनी विचारलं.

“पुन्याच्या लोकांस्नी.”

“मडं दारात हाय आन तू तांदूळ इकतीस?”

“इकत न्हाई, आत्या. दोन वरीस मामंजींच्या हातचं खाल्लंय त्येंनी. त्येंस्नी कोन सांगनार?”

तिनं लिहिलं. श्री. आनंदराव वारले. दहावा अमक्या दिवशी सकाळी नदीवर. सुतक फिटेपर्यंत तांदूळ मिळणार नाही. आणि शेवटी, तिच्या माहेरी सासरी प्रत्येक दुःखाच्या कार्डावर असायची ती ओळ, वाचून फाडून टाकावे. मयताचा कागद घरात ठेवत नाहीत. तो दुसरं मयत बोलावतो. चिठ्ठी तिनं वडापवाल्या मानसिंगच्या जीपमधून शाकिरला धाडली आणि तोंडी सांगितलं, “त्येला म्हनावं, तुमीबी ठिवू नका.”

शाकिरनं चिठ्ठी दोनदा वाचली. तांदळाच्या गिऱ्हाइकांना मयताचं पत्र पाठवल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. लोक पटापटा नावं काढून घेतील, असं वाटलं. पण सांगावा हा सांगावा. तो अडवणारा आपण कोण? त्यानं शब्द न शब्द टाइप केला आणि सोडला. मग चिठ्ठी फाडली. कॉम्प्युटरमधलंही काढून टाकलं. कॉम्प्युटर काढलेलं पत्र कचऱ्याच्या पेटीत ठेवतो, तर तीही रिकामी केली, कारण त्याच्या आजीनं मयताचं कार्ड कधी उंबऱ्याच्या आत राहू दिलं नव्हतं. वर तोंड धुऊन आला. पत्ते त्या पत्राबरोबर गेले, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

पत्र पोचल्याचं मंगलला दहाव्याला कळलं. नदीवर पिंड ठेवला होता, कावळा शिवायची सगळे वाट बघत होते, आणि धुरळा उडवत तीन मोटारी येऊन थांबल्या. गावकऱ्यांची पाचावर धारण बसली. त्या साली पुण्याची मोटार म्हणजे जमिनीचा दलाल.

“मानूस थंड हुयाच्या आदीच आलं का ह्ये, सात-बारा इचाराया!” ठकुबाई गरजल्या.

तर मोटारीतनं उतरलेल्या बायका-पुरुषांनी बूट काढले, हात जोडले आणि भावकीच्या मागं गुमान उभे राहिले. एकीनं तर फुलांचा गुच्छ आणला होता. तो कुठं ठेवायचा ते कुणालाच कळेना. शेवटी नाभिकानं घेतला आणि नदीत सोडला. इंद्रजित बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला, “ही कोन गं?”

“आपलं गिऱ्हाईक.”

“बापाच्या दहाव्याला?” त्यानं आ वासला.

त्या तीन मोटारवाल्यांचे तरी पत्ते विचारून ठेवायचे! पण दहाव्याला कुणी गिऱ्हाइकाचा पत्ता विचारतं का? आणि आता शाकिरच्या दुकानात बसून मंगल तेच आठवत होती.

“मागं कुनी काय लिवलं आसंल, त्येच्यावरनं न्हाई का घावनार?” तिनं विचारलं.

“लोकं फोन करत्यात तुमास्नी. लिवतंय कोन?” शाकिर म्हणाला, आणि म्हणता म्हणता थबकला. “वहिनी, म्या तुमची आल्याल्या टपालाची पेटी त्या दिसापास्नं उघडलीच न्हाई.”

“का?”

“सुतक हुतं ना तुमाला. सुतकातल्या माणसाच्या नावानं धंद्याची पेटी कशी उघडायची?”

त्यानं पेटी उघडली. पडदा खाली सरकवला. अजून सरकवला. खुर्ची पुढं ओढली.

“या अल्ला.”

“काय झालं? आता काय ग्येलं?”

“गेलं न्हाई. आलंय. वहिनी, हितं सरका, बघा. ही समदी पत्रं तुमच्या पत्राला आल्याली हाईत. आन ज्येनं लिवलंय, त्येचा पत्ता संगं हाय!”

मंगल उठून पडद्याजवळ गेली. “वाचा.”

शाकिर वाचू लागला. एकानं नुसतं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं, “वाईट वाटले. सुतक फिटल्यावर पाच किलो ठेवा.” शाकिरला हे जरा निर्लज्ज वाटलं, पण मंगल म्हणाली, “मानूस सरळ हाय. फुडं.” एका बाईनं विचारलं होतं, आजोबा पाणी कमी घाला म्हणायचे ते किती कमी, कारण आता विचारणार कुणाला? कोथरूडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कळवलं होतं, “ईमेल कसे फाडायचे ते समजले नाही, म्हणून नातीकडून छापून घेतले आणि फाडले.” हे ऐकून शाकिर खो खो हसला आणि मंगलनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, ते त्यानं बघितलं नाही.

मग एक आलं ते कडक होतं. “मी तांदूळ घेतो, तुमच्या घरातले प्रसंग नव्हे. माझे नाव काढून टाका.”

“मोठं गिऱ्हाईक हाय,” शाकिर म्हणाला. “पानशेतला हाटेल हाय ह्येचं. ह्येचाबी पत्ता आला की हातात. घालू?”

“नगं म्हनला ना त्यो?”

“रागात म्हनला आसंल.”

“रागात म्हनला तरी नगं म्हंजी नगं. बोलावल्याबिगार त्येच्या दारात जायाचं न्हाई.”

सगळे काही परत आले नाहीत. ज्यांनी उत्तर दिलं ते हाताला लागले. जे गप्प बसले ते गेले, आणि गप्प बसणारे निम्म्याहून जास्त होते. मंगल एकेकाला तांदळावरून आठवत होती. दर महिन्याला घेणारी ती डॉक्टरीण नव्हती. सोसायटीत वाटायला पोतंच नेणारे सरदारजी नव्हते. शाकिर म्हणाला, “रविवारी पुन्यांदा घावत्याल.”

“लिवा,” ती म्हणाली. “सुतक फिटलं. तांदूळ आलाय. ह्या येळंला दाना बघाया मामंजी न्हवतं. म्या बघितलाय. माझा दात नवा हाय. कमीजास्त वाटलं तर कळवा, परत घिऊ.”

“वहिनी, ही दाताची वळ गाळा. म्हातारबाबाच्या दातावर लोकं तांदूळ घ्येत हुती. उगं कशाला शंका पेरताय?”

“त्येच म्हंते म्या. त्येंच्या दातावर घ्येत हुती. मग दात ग्येला ह्ये लपवायचं?”

शाकिरनं लिहिलं, वाचून दाखवलं, सोडलं. आणि मग मंगलच्या देखत सगळे पत्ते कागदावर छापून तिच्या हातात दिले. “ह्यो ठिवा. कुनीबी मेलं तरी ह्यो फाडू नका.”

मानसिंगच्या जीपमधून मंगल विंझरला उतरली, तेव्हा चंद्राबाई सोप्यातच आपल्या पोत्यांना टेकून बसली होती.

“धाडलं का पत्र? कवा येत्यात न्यायला?”

“चंद्राबाई, आदी आयका. निम्म्यावर माणसं हातची ग्येली. काढून टाकली गेली चुकून. तुमचा तांदूळ येक-दोन म्हैन्यांत जाईल म्हनलीवते, तसं हुयाचं न्हाई आता. थांबायचं तर थांबा. न्हाईतर व्यापाऱ्याला घाला. त्यो कमी दील, पर रोख दील.”

चंद्राबाई ताठ झाली. “आगं, कांडल्यावं सांगतीस? आन म्या काय करू आता, डोस्क्यावं घिऊन हिंडू?”

“म्हनून तर जीपमदनं उतरल्या उतरल्या सांगतिया.”

“दुसरी आस्ती तर गप बसली आस्ती.” चंद्राबाईनं पोत्यावर एक थाप हाणली, धूळ उडाली. बराच वेळ तिनं मंगलला शिव्या दिल्या, मग शाकिरला, मग ज्यानं कॉम्प्युटर काढला त्याला. दम लागला तशी म्हणाली, “निम्मी व्यापाऱ्याला घालीन. निम्मी ऱ्हाऊ दे हितं. पर आदी माझी इकायची, कळलं?”

“पाळीपाळीनं. येक तुमचं, येक आमचं.”

“मेलीचं त्वांड बघा, पाळी म्हनं.”

मंगलनं पत्त्यांचा कागद देव्हाऱ्यामागं खोचला, पातळाचा ओचा आवळला आणि भिंतीचं सूप काढलं. पोत्याची शिवण उसवून दोन ओंजळी तांदूळ सुपात घेतला आणि दाराशी ठकुबाई बसल्या होत्या, त्यांच्याजवळ उजेडाला जाऊन बसली.

“सरका की जरा, आत्या,” ती ठकुबाईंना म्हणाली. “खडं दिसंनात.”

आणि पाखडायला लागली.