मुकादम सरांच्या फायली

हे सांगताना अजून माझी मान खाली जाते. पण चहा येईपर्यंत ऐकाच.

खालापूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवतो. तिथला लिनक्स सर्व्हरही माझ्याच ताब्यात. भूगोलाचे मुकादम सर अचानक गेले. कडाव, पळसदरीचे बांध तुडवत त्यांनी भाताच्या जुन्या वाणांची माहिती जमवली होती. नियमाप्रमाणे मी सर्व्हरवरचं त्यांचं खातं काढलं. फायली मात्र ठेवल्या. हात धजला नाही हो!

त्याच आठवड्यात माझ्या विभागात सायली मॅडम रुजू झाल्या, कडावच्या. त्यांना नवं खातं उघडून दिलं.

पुढे एक दिवस सरांच्या पत्नी, आमच्या भाभी, आल्या.

"भाऊ, त्यांच्या नोंदी मिळतील? पुस्तिका छापायची हाय."

सरांचं फोल्डर उघडलं आणि काय बघतो? प्रत्येक फाईलपुढे मालकाचं नाव: सायली!

डोकंच फिरलं माझं. भाभींना तिथंच बसवून स्टाफरूम गाठली. सगळ्यांसमोर म्हणालो, "मॅडम, गेलेल्या माणसाचं काम स्वतःच्या नावावर करता?"

त्या ताडकन उठल्या. "काय बोलताय सर? मी ते उघडलं पन नाय!"

डोळे भरले होते त्यांचे. आणि मला काय वाटावं? नाटक!

तिथंच बसलेले प्राचार्य शांतपणे म्हणाले, "आधी तपासा."

तपासलं. सर्व्हरवरच्या एका साध्या फाईलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते: नाव, क्रमांक, फोल्डर. फायलींवर मालकाचं नाव नसतंच, फक्त क्रमांक; यंत्र तो या यादीत शोधून समोरचं नाव दाखवतं. सरांची ओळ शेवटची, सर्वांत मोठ्या क्रमांकाची. ती मी काढल्यावर त्यांचा क्रमांक मोकळा झाला, आणि नवं खातं उघडताना यंत्र उरलेल्या सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या पुढचा देतं, म्हणून तोच मॅडमना मिळाला. म्हणजे हा उद्योग कुणाचा? माझा!

मॅडमचा क्रमांक बदलला. भाभींना नोंदी दिल्या. पहिलं पान वाचून त्या एवढंच म्हणाल्या, "हे असंच बोलायचे."

मग स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोरच, हात जोडून मॅडमची माफी मागितली.

"माफ केलं सर," त्या म्हणाल्या. "पन सोमवारी मला वर्गात हाच भाग शिकवायचाय. तुमी येऊन बसा."

गेलो. वही घेऊन पहिल्या बाकावर बसलो. पहिला प्रश्न अर्थात मलाच: फाईलवर मालकाचं काय लिहिलेलं असतं?

उभा राहून उत्तर दिलं, "नाव नाही, क्रमांक." मॅडमनी मान डोलावली.

"बरोबर. बसा. पन हे आधी वाचून यायचं असतं!"