सहा पुड्या, एक फळी

"ही एका मायची लेकरं वाटत नाहीत," असं म्हणून किशोरसेठनी मसाल्याच्या सहाही पुड्या काउंटरवरून माझ्याकडे सरकवल्या.

किशोरसेठ वाशिमचे किराणा होलसेलर. त्यांनी मान डोलावली की जिल्ह्यातल्या दुकानांच्या फळ्या डोलतात. माझ्या शेजारी रिसोडचे सलीमभाई आणि त्यांच्या बायको नसरीनभाभी बसले होते. मसाला भाभींचा. त्यांची गिरणी रिसोडात सुरू झाली की अनसिंगात लोक शिंकतात. मधलं अंतर मी सांगत नाही, उगाच कोणी नकाशा काढून बसेल.

माल उत्तमच होता. घोळ पुड्यांचा होता. सहा पुड्या सहा वेळी सहा ठिकाणी छापलेल्या. 'मुन्नीबी मसाले' हे नाव तिखटावर तिरपं, हळदीवर फुलाफुलांचं. काळ्या मसाल्यावर तर वाघ होता. वाघ काहून, ते सलीमभाईंनाही आठवेना.

"दुकानादुकानात एक अख्खी फळी मुन्नीबीले देतो," सेठ म्हणाले. "पन दुरून एक घर दिसलं पायजे. नाही तं अकोल्याची पार्टी दाराशी बसूनच हाये."

बाहेर आल्यावर भाभींनी मला गाठलं. "भाऊ, या फळीच्या भरोशावर पाच बाया कामाले लावल्या म्या. फळी गेली तं त्याइले घरी बसा म्हनाव लागन. मले ते तोंड नाही."

वाशिमात माझा डिझाइन स्टुडिओ आहे. म्हणजे पाटीवर स्टुडिओ. आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी. वेगवेगळ्या वस्तू एकाच ब्रँडच्या वाटतील अशा नटवायच्या, याला आमच्या धंद्यात 'रेंज' करणं म्हणतात. मी रेंज केली. सहाही पुड्या गडद हिरव्या, वर सोनेरी नाव, खाली बारीक अक्षरात हळद, धने वगैरे. हिरवा असा रसरशीत उतरला की वाळत ठेवलेला एक प्रिंट शेजारच्या शेळीनं चारा समजून खाल्ला. माझ्या कामाला इतकी प्रामाणिक दाद कोणी दिलेली नाही.

सेठ खूश झाले. "आता जमलं! टाका सिलिंडर."

गॅसचं नव्हे. पुडीचा प्लास्टिक रोल छापायला कोरीव काम केलेला धातूचा रूळ लागतो, प्रत्येक रंगाला वेगळा. त्याला सिलिंडर म्हणतात. एकदा कोरला की कोरला. त्यावर खोडरबर चालत नाही.

सिलिंडरची ऑर्डर दुसऱ्या दिवशी जायची होती. पण सलीमभाईंना दम निघेना. नमुन्याच्या पुड्यांत त्यांनी खरा मसाला भरला आणि मला गाडीवर बसवून रिठदला नेलं, दोस्ताला दाखवायला. दोस्त म्हणजे गजाननभाऊ, किराणा दुकानदार. त्यांनी पुड्या पाहिल्या, "वा रे पठ्ठे!" म्हणाले आणि लगेच काउंटरवरच्या दोरीला चिमट्यांनी टांगून विकायलाही लागले. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. छाती माझी इतकी फुगली होती की टपरीवाला म्हणाला, "सरका थोडं."

एक बाई आली. "भाऊ, हयदीची पुडी द्या."

गजाननभाऊंचा एक हात तराजूवर, नजर साखरेवर. दुसऱ्या हातानं त्यांनी पुडी ओढून दिली.

"आवो, हे तं धने हायेत."

त्यांनी बदलून दिली. तो गरम मसाला निघाला.

"झोप नाही झाली काय रे गजानन?" बाईनं विचारलं.

मग एक आजोबा जिरेपूड घेऊन गेले. घर लागूनच. पाचच मिनिटांत ते ताकाचा गिलास नाचवत परत आले.

"जिरं मांगतलं म्या, तं तिखट देलं! चष्मा नाही डोयाले, टाकलं ना ताकात!"

त्यांच्या दोन्ही कानांतून वाफ निघताना मी पाहिली. डाव्या कानातून जरा जास्त.

गजाननभाऊंनी आमच्याकडे पाहून हात जोडले. "सलीम, पुड्या टांगल्या का गणवेशातली शाळा टांगली? मी काय एकेकीचं नाव वाचत बसू?"

मी उठून दुकानासमोर उभा राहिलो. दुकानदाराचा हात वाचत नसतो, रंग धरतो. लाल म्हणजे तिखट, पिवळी म्हणजे हळद. शिवाय माझं सोनेरी नाव सगळं चिमट्यांखाली गेलं होतं. दुरून दिसत होतं ते एवढंच, की कोणीतरी पालक टांगलाय.

परत आल्याबरोबर मी सलीमभाईंना सिलिंडर थांबवायला सांगितलं आणि नव्यानं बसलो. तिखटाला लाल दिला, हळदीला पिवळा, प्रत्येकीला तिचा रंग. फक्त खालच्या बाजूला, सगळ्यांना एकाच उंचीवर, रुंद हिरवा पट्टा आणि त्यात पांढऱ्या ठळक अक्षरात नाव. पुड्या शेजारी आल्या की पट्ट्याला पट्टा जुळतो आणि एक सलग रेघ होते.

सेठनी काउंटरवर पुड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "पुन्हा रंगपंचमी? अकोलेवाल्याले फोन लावू काय?"

भाभींनी पुड्या उचलल्या, सेठच्याच दुकानाच्या फळीवर ओळीनं लावल्या आणि म्हणाल्या, "सेठ, रस्ता वलांडून पाहा. मंग लावा फोन."

सेठ कुरकुरत पलीकडे गेले. मधून एक एसटी गेली. ती गेल्यावरही सेठ तसेच उभे. मग तिथूनच ओरडले, "मुन्नीबी! इथून वाचता येऊन राह्यलं बे!"

सिलिंडर त्याच आठवड्यात गेले. फळी मिळाली. पाच बाया कामावर आहेतच, सहावी मागाहून लागली.

तेव्हापासून मी कॉम्प्युटरवर डिझाइन पास करत नाही. आधी प्रिंट एखाद्या गर्दीच्या दुकानात टांगतो आणि समोरच्या टपरीवर बसतो. तिथला चहा क्लायंटच्या बिलात 'मार्केट रिसर्च' म्हणून लावतो. आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.