उघडी ठेवलेली खांड

मंत्रीसाहेबांच्या त्या व्हिडिओत मागे छत्री धरून उभा आहे तो माझा मुलगा, कमळाकर. साहेब विचारतात, "ही खांड वेळेवर का नाही बुजवली? सरपंच काय झोपले होते?" आणि तो खाली बघतो. व्हिडिओ तिथेच संपतो. तो पेणमध्ये फिरला, रोह्याला माझ्या माहेरी पोचला, रामवाडीतल्या ज्या शाळेत मी पूर्वी शिकवायचे तिथल्या बाईंनी तो मलाच पाठवला आणि खाली लिहिलं, "हा आपला कमळाकर का?" हो, आपलाच. त्याच्याबद्दल जे त्या व्हिडिओत नाही ते मी लिहिते आहे.

तो सरपंच झाला तेव्हा गावात गुलाल उधळला नव्हता, कारण दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. आमचं खारवावली अगदी खाडीला लागून. पाण्याचा टँकर आला नाही की शिव्या खायच्या, हेच इथल्या सरपंचाचं काम. "कमळ्याला करा, तो बी. ए. झालाय, त्याला इंग्रजीतल्या शिव्या पन कळतील," असं शेजारची गोदूबाई देवळात म्हणाली, सगळे हसले आणि तो बिनविरोध निवडून आला. तेव्हा तो गडबच्या पुढे एका कंपनीत कंत्राटावर होता. रात्रपाळी करून सकाळी एसटीने यायचा आणि तसाच ग्रामपंचायतीत जाऊन बसायचा. सून सगुणा डबा तिथेच नेऊन द्यायची. "लग्न माज्याशी केलं का त्या कार्यालयाशी?" असं ती हसत हसत म्हणायची. तेव्हा हसायची.

आमच्याकडे भात पिकतं ते बांधामुळे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे, बस. तो फुटला की त्या भगदाडाला आम्ही खांड म्हणतो. खांडीतून भरतीचं खारं पाणी आत शिरलं आणि शेतात राहिलं तर दोन-तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून खांड पडली की जोळ बोलवायचा ही गावाची जुनी रीत आहे. जोळ म्हणजे घरटी एक माणूस. हाक आली की हातातलं काम टाकून बांधावर जायचं. कुणाचं शेत बुडतंय हे विचारायचं नाही. रांग लावून चिखलाची ढेकळं हातोहात द्यायची. कमळाकरचे वडील जोळाला गेले असतानाच कमळाकर जन्मला, आणि ते खांड बुजवूनच मुलाचं तोंड बघायला आले. तेव्हा मी रागावले होते. त्यांच्या आईला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

निसर्ग वादळ आलं ते वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. करोनाने आधीच सगळं बंद होतं, कंपनीही बंद. दुपारी वारा सुटला आणि समोरच्या घराचे पत्रे पानांसारखे उडाले. आमची कौलं गेली. पेणला गणपतीच्या कारखान्यांची छपरं उडून कच्च्या मूर्ती भिजून गेल्या, असं नंतर कळलं. वारा थांबल्यावर माणसं बाहेर आली ती घरं बघायला नाही, बांध बघायला. पश्चिमेच्या कोपऱ्यात खांड पडली होती. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी.

पौर्णिमेच्या उधाणात काहीच करता येत नव्हतं. पाणी आलं, खालच्या अंगाच्या शेतात पसरलं, ओहोटीला बरंचसं परत गेलं. मग भांग लागला. उधाण उतरल्यावर मध्ये काही दिवस भरतीला जोर नसतो, तो भांग. खांड बुजवायची ती भांगात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वर पाऊसही चांगला लागला होता. खांड बंद झाली असती तर पावसाने मीठ धुऊन गेलं असतं.

कमळाकरने बांबू आणले, पेंढा गोळा केला, केरूला हाक घालायला सांगितलं. केरू म्हणजे आमच्याकडे जोळाची हाक घालणारा, थाळी वाजवत दारोदार जातो. तो निघणार एवढ्यात पोपट आला.

पोपट साहेबांचा माणूस. पांढरी मोटरसायकल, पांढरा शर्ट, आणि त्या दिवसांत पांढरा मास्क, तोही हनुवटीवर.

"कमळाकर, येडा झालास काय?" तो ओट्यावर बसत म्हणाला. "खांड बुजवू नको."

"का?"

"साहेब येतात पाहनीला. सोबत अधिकारी, टीव्हीवाले. तू खांड बुजवलीस तर ते काय बघतील? तुजं तोंड? पंचनाम्यात लिवतील, बांध शाबूत. मग गावाला काय मिलेल, बाबाजीचा ठुल्लू! उघडी ठेव. पक्का बांध मंजूर करून देतील. दगडी."

"भांग निघून गेला तर?"

"अरे, परवा येतात. भांग काय परवा संपतोय?"

मी आतून म्हटलं, "पोपट, खाडी साहेबांची वाट बघत नाही."

"मास्तरीणबाई, तुमी पोरांना शिकवा," तो म्हणाला. "सरकारला आमी शिकवतो."

कमळाकरने एकट्याने ठरवलं नाही, हे मला स्पष्ट सांगायचं आहे. संध्याकाळी देवळासमोर माणसं बसली, लांब लांब, तोंडाला रुमाल बांधून. दगडी बांधाचं नाव निघालं. आमच्या तीन पिढ्यांनी दर पावसाळ्यात चिखल वाहिला आहे. दगडी बांध म्हणजे तो चिखल संपला. गोदूबाईने तर स्वतःच्या उडालेल्या छपरावर ताडपत्रीसुद्धा टाकली नव्हती. तलाठ्याला उडालेलं छप्पर दिसलं पाहिजे, म्हणून ती आणि तिची सून पावसात पलंगाखाली झोपत होत्या. गावात अशी कितीतरी घरं उघडी होती. दुखणं डॉक्टर येईपर्यंत तसंच ठेवायचं, कमी होऊ द्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवल्यासारखं झालं होतं.

"ठेवा उघडी," म्हातारा नाथा म्हणाला. "दोन दिसांचा तर परश्न हाय."

कमळाकरने केरूला परत पाठवलं.

परवा साहेब आले नाहीत. रोह्यात नुकसान जास्त, म्हणून ते रोह्याला गेले. माझ्या भावाच्या घरावरून त्यांच्या गाड्या गेल्या, त्याने मला फोन करून सांगितलंसुद्धा. कमळाकरने पोपटला फोन केला. "उद्या नक्की," पोपट म्हणाला. उद्या विरोधी पक्षाचे पुढारी रोह्यात आले आणि टीव्हीवर म्हणाले, सरकार घरात बसलंय, मदत कुठे आहे? त्यावर साहेबांनी दुसऱ्या दिवशी तिथेच पत्रकार बोलावले आणि म्हणाले, आपत्तीत राजकारण करू नका. मग त्यांनी यांचं सगळं काढलं, यांनी त्यांचं. गावात वीज नव्हती. पेणहून फोन चार्ज करून आणायचा आणि त्यावर हे भांडण बघायचं. कमळाकर ते बघत बांधावर बसून राही. फोनवर साहेब, समोर खांड.

"आई, जोळ बोलवू का?" एकदा त्याने जेवताना विचारलं.

"बोलव," मी म्हटलं.

तो उठला, पोपटला फोन लावला, आणि परत येऊन बसला. "सकाळी येतायत म्हणे. गाडी रोह्याहून निघतेय."

"गाडी आहे का गोगलगाय?" सगुणा म्हणाली. कुणी हसलं नाही.

अमावस्या ग्रहणाची होती. आदल्या दिवसापासूनच भरती चढू लागली. आता जोळ बोलवूनही उपयोग नव्हता, तरी कमळाकर धावत केरूकडे गेला, आणि तरी माणसं आली. बांबू ठोकले ते उपटून गेले. पेंढा टाकला तो आत वाहत शेतात गेला. नाथा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून ओरडत होता, "माघारी व्हा! पोरं जातील माजी!" बायका काठावर उभ्या होत्या. मी कमळाकरला बघत होते. तो सर्वांत पुढे होता, आणि पाणी ज्या वेगाने येत होतं तो वेग बघून मी मोठ्याने त्याचं नाव घेतलं, तेही त्याला ऐकू गेलं नाही. शेवटी दोघातिघांनी त्याला ओढून काढलं. खांड आता दोन बैलगाड्यांएवढी राहिली नाही. अख्खा कोपराच गेला. पाणी आमच्या शेतात, गोदूबाईच्या शेतात, वर शाळेच्या पायरीपर्यंत आलं. रोपं आठवड्याभराची होती. दोन भरत्यांत ती पिवळी पडली, मग काळी.

त्यानंतर साहेब आले.

पाऊस होता. पोपटने कमळाकरच्या हातात छत्री दिली. साहेब बांधावर फार पुढे गेले नाहीत, चिखल होता. एका टीव्हीवाल्याने विचारलं, "वादळानंतर इतके दिवस ही खांड तशीच का?" साहेब कमळाकरकडे वळून ते वाक्य बोलले, जे आता सगळ्यांनी ऐकलं आहे. पुढे असंही म्हणाले की पूर्वी लोक श्रमदान करायचे, आता प्रत्येक गोष्टीला सरकार लागतं. पोपट शेजारीच होता. तो फोनवर काहीतरी बघू लागला.

गाड्या गेल्यावर मी कमळाकरला विचारलं, "तू सांगितलं का नाहीस, यांच्याच माणसाने थांबवलं म्हणून?"

"सांगून काय झालं असतं, आई? पोपट खोटारडा ठरला असता. केरूला परत मीच पाठवलं ना?"

त्यानंतर गाव बोलू लागलं. गोदूबाई दारात उभी राहून म्हणाली, "बी. ए. झालेला सरपंच! खाडीला पन पंचनाम्याला बोलावली होतीस काय रे?" तिची सून तिला आत ओढत होती. देवळासमोर "ठेवा उघडी" म्हणणाऱ्यांपैकी एकाचंही तोंड मला आता आठवत नाही, कारण कुणी तसं म्हटल्याचं कबूलच करत नाही. नाथासुद्धा नाही. दगडी बांधाचं नाव साहेबांनी काढलं नाही. कंपनीतून कामावर परत बोलावल्याचा निरोप आला, पण कमळाकर गेला नाही. तो माजघरात भिंतीकडे तोंड करून पडून राही. जेवणाचं ताट सगुणा तसंच उचली. फवारणीचं औषध मी गुपचूप रोह्याला भावाकडे पाठवून दिलं, आणि विहिरीवर पाणी आणायला त्याला जाऊ देत नाही. सगुणा आणि मी यावर एकमेकींशी एक शब्दही बोललेलो नाही. पण तो उठला की आमच्यापैकी एक जण उठते.

मग पुन्हा भांग लागला. काल सकाळी केरूची थाळी ऐकू आली. ही हाक कमळाकरने घातली नव्हती. गावाने परस्पर ठरवलं होतं. थाळी ऐकून तो उठला, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपणहून, फावडं घेतलं आणि दारात जाऊन उभा राहिला. केरू गोदूबाईच्या दारी थांबला, "जोळाला चला." मग आमच्या दारासमोरून खाली मान घालून पुढे गेला आणि पलीकडच्या दारी थांबला. "जोळाला चला."

आमच्याकडे माणूस वारला, भांडण झालं, कोर्टात केस चालू असली, तरी जोळाला वगळत नाहीत. ज्याला हाक नाही त्याला गावात जमीन नाही, असं मानतात. कमळाकरचा चेहरा मी बघितला. मी म्हटलं, "आत चल, बाळा." तो म्हणाला, "नाही," आणि हाक नसताना बांधाकडे निघाला. मी आणि सगुणा मागून गेलो.

रांग लागली होती. तो शेवटी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी हाकललं नाही. त्याने खाडीतून चिखलाचं ढेकूळ काढलं आणि पुढच्या माणसासमोर धरलं. पुढचा माणूस बाजूला सरकला. त्याच्या पुढचाही. ढेकूळ कमळाकरच्या हातातून निथळत होतं. सगळी रांग थांबली होती, आणि मी मनात म्हणत होते की आता हा ते टाकून पाण्याकडे वळेल, आता वळेल.

गोदूबाई बायकांच्या रांगेतून निघाली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"हातातून नाय घेनार," ती म्हणाली. "खाली ठेव."

त्याने ढेकूळ खाली ठेवलं. तिने ते उचललं आणि पुढे दिलं. पुढच्याने घेतलं.

"बघतोस काय? दुसरा काढ. भरती काय साहेबासाठी थांबनार हाय?"

दिवसभर असंच चाललं. तो चिखल काढायचा, जमिनीवर ठेवायचा, ती वाकून उचलायची. तिचं वय साठीच्या पुढे. मी जाऊन तिच्या जागी उभी राहते म्हटलं तर म्हणाली, "तू लांब ऱ्हा गो, मास्तरीन. तुजा हात त्याचाच हात."

खांड अर्धी बुजली आहे. भांग संपायच्या आत पूर्ण होईल की नाही, कुणी सांगत नाही. झाली तरी आत मीठ बसलं आहे, तीन वर्षं या बांधामागे राखायला भात नाही. कमळाकर आज पुन्हा गेला होता. आजही हाक नव्हती. आल्यावर हात न धुताच ताटावर बसला, दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आई, उद्या लवकर उठव."