मांडवातला पायलट

कुडव्यातले आमचे शेजारी बोलताबोलता झोपायचे आणि जागे होऊन तेच वाक्य पुरे करायचे. झोपेत श्वास अडकतो, त्याने शरीर आतून गंजते, असे डॉक्टरांनी सांगितल्यापासून गंज उतरवायला ते आवळे चघळत. "आवळा खा, पण झोपताना श्वास चालू ठेवणारे मशीनही लावा," असे डॉक्टरांनी बजावले, तरी मशीन आणि त्याचा मास्क लाजेने कपाटातच राहिला.

मग जवळच्याच गोरेगावच्या लग्नात त्यांचा धाकटा भाऊ दुपारी झोपेत गुदमरून उठला. तरी डॉक्टरकडे यायला तयार होईना. "लोक हसतील," म्हणाला.

शेजाऱ्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मशीन गुपचूप सोबत आणले होते; ते शेजाऱ्यांनी मागून घेतले आणि भर मांडवात मास्क चढवला.

"हसू दे. माह्याकडे पाय, बिरसी विमानतळाचा पायलट दिसून राहिलो का नाही?"

भाऊ हसला, यायला कबूल झाला. शेजारी तिथेच झोपले, इतके शांत की वहिनी दोनदा वाकून श्वास पाहून गेल्या.