न पसरलेला पदर

पाटलीणबाईंनी नारळ माझ्या आईच्या अंगावर फेकला. हातात दिला नाही. फेकला.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. ग्रामदेवीच्या जत्रेत पहिली ओटी महारवाड्यातल्या सवाष्णीची, अशी रीत होती. गाव त्याला मान म्हणे. मान कसला? देवळाच्या पायरीखाली, अंतर राखून उभे राहायचे, पदर पसरायचा आणि वरून पडेल ते तांदूळ, खण, नारळ झेलायचे. मग त्याच पायरीवर पाटलीणबाईंची ओटी हाताने भरली जाई, कपाळाला बोटाने कुंकू लागे. माझ्या आईच्या कपाळाला त्या गावातले बोट कधी लागले नाही. मी कुणाच्या भाकरीचा हेवा केला नसेल इतका पाटलीणबाईंच्या कपाळाचा केला.

त्या वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो. देव्हारा वडिलांनीच उचलून नीरेत सोडला होता. ते श्रेय मी त्यांच्याकडून काढून घेत नाही. पण जत्रेच्या सकाळी तेच वडील आईला म्हणाले, "यंदाच्याला जाऊन ये. गावात ऱ्हायचंय आपल्याला."

आई म्हणाली, "वंदना तुमी म्हनायची, आन् पदर म्या पसरायचा व्हय?"

तरीही ती निघाली, मला सोबत घेऊन. मला वाटले, ही हरली.

देवळापुढे ती उभी राहिली. दोन्ही हात खाली.

"पदर धर की गं!" पाटलीणबाई ओरडल्या.

आई हलली नाही. नारळ तिच्या खांद्यावर आदळला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. समोर पाटलांची पोरे खोबरे चघळत होती. मी वाकलो.

"हात लावू नगंस," आई म्हणाली.

मी ताठ झालो. नारळ तिथेच राहिला.

त्या सुगीत भातकापणीला आम्हाला कुणी बोलावले नाही. "तुज्या पदरापायी," म्हणून वडील तिला येता-जाता टोचत राहिले.

आता गावकरी सांगतात, गावाने मान दिला, यांनी लाथाडला. खोटे. आमची माणसे सांगतात, वडिलांनी आईला जाऊच दिले नाही. तेही खोटे, आणि ते वडिलांनीच पेरले. पुढे भोरला त्यांचा सत्कार झाला. गळ्यात हार घालून ते म्हणाले, "घरात बजावलं म्या, पदर पसरायचा न्हाई!" टाळ्या. आई मागे, बायकांत, मांडीवर भाकरीचे गाठोडे घेऊन.

परतताना एस्टीत मी विचारले, "आये, राग न्हाई आला?"

"राग कशाचा? हेवा आला. मला बी कुनी हार घालावा, आसं वाटलं. बाईनं आसं वाटून घेऊ नये म्हनत्यात. द्येव सोडलं आपुन, ह्ये कधी सोडायचं?"

तिला हार मिळाला नाही. जिवंतपणी नाही, मेल्यावरही नाही. विहाराच्या भिंतीवर वडिलांची तसबीर आहे, तिला दरवर्षी ताजा हार पडतो. त्या हाराचा मला हेवा वाटतो. म्हातारा मत्सरी झाला, असे म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावे. तो नारळ माझ्या पायाशी आला होता, त्यांच्या नव्हे.

येत्या वैशाख पौर्णिमेला मी तिची तसबीर घेऊन विहारात जाणार आहे. खिळा माझा, हातोडी माझी. कुणाची परवानगी मागणार नाही.

हार एकच नेईन.