फाटकातली काठी

आमच्या आत्या कुणी पुढे केलेला चहा लगेच घेत नसत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "ह्यात तुझं काय?" देणारा कधी सख्खा भाचाच असायचा. तो हसायचा. आत्या हसायच्या नाहीत.

माण तालुक्यातली आमची वस्ती मेंढरांवर जगते. पावसाळा सरला की कळप घेऊन सांगलीकडे नदीकाठी उतरायचं, पाऊस आला की परत आमच्या माळावर. वाटेत रात्री कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची. तो धान्य देतो, त्याला खत मिळतं. त्या शेतकऱ्यालाही आत्या तेच विचारायच्या. "लेंड्या पायजेत, दुसरं काय?" असं तो सरळ म्हणाला की त्यांचा जीव खाली पडायचा. मला म्हणायच्या, "ह्येचं काय त्ये कळलं. हातर आता वाकळ."

मी लग्न होऊन आले तेव्हापासून चार माणसांत बोलत नाही. आत्या माझ्या वाटणीचंही बोलायच्या.

मग माळावर उन्हापासून वीज करायचं ठरलं. पैसा परदेशाचा, जागा सरकारची, कंपनी पुण्याची. ग्रामसभेला साताऱ्याहून साहेब आले, त्यांच्याबरोबर एक गोरी बाई आणि तिचं बोलणं मराठीत सांगायला पुण्याची एक मुलगी. साहेब म्हणाले, "हा ओसाड माळ आता दोन देशांच्या कामी येणार."

आत्या मागून उठल्या. "ओसाड? मग माझी मेंढरं काय वारं खाऊन वाढली व्हय?"

लोक हसले. गोरी बाई बराच वेळ बोलली. मुलीने सांगितलं, "त्या म्हणतात, कुंपण होईल, पण मेंढ्या आत चरतील. गवत कमी राहिलेलं त्यांनाही हवंच आहे."

"ती येवढं बोलली आन् तू येवढंच सांगितलंस. ऱ्हायलेलं कुठं ठिवलंस गं?"

मुलगी लाजली. मग आत्यांनी गोऱ्या बाईला नेहमीचा प्रश्न घातला. बाई म्हणाली की कोळसा कुठेही जळला तरी त्यांच्या देशातलाही उन्हाळा वाढतो, म्हणून ते आले. आत्यांनी मान हलवली. "हिचं कळलं. सायबाचं काय? कंपनीचं काय? तिगं मिळून एक काम करत्यात, मग उद्या आमी इचारायचं कुणाला?"

साहेब म्हणाले, "आजी, विश्वास ठेवा."

"माझा न्हाई. माझ्या भोरीचा बगू."

भोरी ही कळपातली सगळ्यात जुनी मेंढी. कापडाची चिंधी जरी हलली तरी बुजायची. माळावर नमुन्याला काचेच्या पाट्यांची एक रांग उभी केली होती. आत्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "भोरी हिच्याखाली बसली तर माझा हात वर." वस्तीचे सगळे हात आत्यांच्या हातामागून जायचे, हे साहेबांनाही कुणीतरी सांगितलं असावं. सगळी सभा माळावर गेली. भर दुपार होती आणि माळावर झाड नाही. भोरीने एकदा पाट्यांकडे बघितलं, सरळ चालत गेली आणि खाली बसून रवंथ करायला लागली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी हात वर केला. शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. परतताना मात्र मला म्हणाल्या, "मेंढराला सावली दिसली. तार न्हाई दिसली."

तार आली, फाटक आलं, फाटकावर शेजारच्या गावचे एक निवृत्त फौजी राखणदार म्हणून आले. पहिल्या वर्षी सगळं बोलल्यासारखं झालं. दुसऱ्या वर्षी आम्ही सांगलीकडून परतलो, तर फाटकाला कुलूप. फौजी म्हणाले, "मला वरनं ऑर्डर न्हाई." कंपनीला फोन लावला, ते म्हणाले साहेबांना विचारा. साहेब बदलून गेले होते. नवे म्हणाले, अटी परदेशातल्या लोकांच्या आहेत. गोरी बाई तर कधीच गेली होती. भोरी तारेला तोंड लावून आतल्या सावलीकडे बघत उभी. आत्या कुणालाही 'मी म्हणाले नव्हते का' असं म्हणाल्या नाहीत. तेच मला जास्त लागलं.

पुढे एक दिवस कुलूप निघालं. का लागलं आणि का निघालं, कुणी सांगितलं नाही. त्या दिवसापासून आत्या कळप आत सोडायच्या, फाटक मिटू नये म्हणून स्वतःची काठी त्याच्या फटीत आडवी सारायच्या आणि बाहेर उन्हात बसायच्या.

"आवं आत्या, सावलीत बसा की," फौजी म्हणायचे.

"सावलीत डोळा लागतो, रं."

गेल्या हिवाळ्यात, नदीकाठच्या मुक्कामी आत्या गेल्या. जायच्या आधी काठी माझ्या वाकळेशी आणून ठेवली होती.

यंदा माळावर परतलो. फाटक उघडं होतं. मी मेंढरं आत सोडली आणि काठी फटीत सारली. फौजी चहाचा कप घेऊन आले.

"काढा की वैनी ती काठी. रोज उगडंच असतंय आता. आत्या तर गेल्या."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले.

माणूस चांगला आहे. चहा मी घेतला. काठी काढली नाही.